डॉक्टरांना सांगायचे राहिले ते

वाचकाचे पत्र :

"मी सांगलीत विश्रामबाग भागात राहते. वय ५४. घरीच ब्लाउज शिवते आणि पिको-फॉलची कामे करते. दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर बदलला असेल असे वाटून मिरजेला डोळे दाखवायला गेले, तर काचबिंदू निघाला. 'गेलेली नजर परत येत नाही, थेंब कायमचे घालावे लागतील,' एवढेच डॉक्टर बोलले आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. मशीनवरच्या तपासणीत बटण दाबायला उशीर झाला, तेव्हा तिथली मुलगी सगळ्यांसमोर 'लक्ष कुठे आहे तुमचे?' म्हणाली. त्या तपासणीत मी नापासच झाले असणार. घरी येऊन खूप रडले. यजमान म्हणतात, सुईत दोरा ओवता येतो ना, मग कशाला घाबरतेस? माझी आई शेवटी शेवटी आंधळी झाली होती. तिला हाताला धरून न्हाणीघरात मी नेत असे, तेच सारखे डोळ्यांसमोर येते. खरे सांगायचे तर लग्नसराईच्या गर्दीत माझे थेंब बरेचदा चुकले. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मात्र भीतीने 'रोज घालते' म्हटले. दाब उतरला नाही म्हणून त्यांनी दुसरी बाटली सुरू केली. मला लहानपणापासून दमा आहे, आणि ती बाटली सुरू झाल्यापासून जिना चढताना धाप लागते. मुलीसाठी स्थळे बघतो आहोत, म्हणून मुलांना किंवा नातेवाइकांना काहीच सांगितलेले नाही. आता शिलाई मशीन विकून टाकावी का? काय करू?"

— एक भगिनी, सांगली

ताई,

तुमच्या मनातल्या भीतीबद्दल पुष्कळ लिहायचे आहे, पण तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेली धापेची गोष्ट आधी घ्यायला हवी, कारण तिला उशीर चालणार नाही. काचबिंदूसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या थेंबांमध्ये टिमोलॉल नावाचे एक औषध आहे. डोळ्यात घातलेल्या थेंबाचा काही भाग डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातील बारीक नळीतून नाकात उतरतो आणि तेथून रक्तात मिसळतो. त्यामुळे या औषधाने दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसू शकतात, आणि म्हणूनच दमा असलेल्या रुग्णाला ते सहसा देत नाहीत. तुमच्या दुसऱ्या बाटलीत हेच औषध आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. काही बाटल्यांमध्ये ते दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलेही असते, म्हणून केवळ वरच्या मोठ्या नावावर जाऊ नका. तुम्ही आजच, पुढच्या थेंबाची वेळ होण्याआधी, रुग्णालयात फोन करा, बाटलीवरचे सगळे नाव वाचून दाखवा आणि 'मला लहानपणापासून दमा आहे, हा थेंब सुरू झाल्यापासून धाप लागते' हे वाक्य जसेच्या तसे सांगा. फोन लागला नाही तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे बाटली घेऊन जा, आणि कोणाशी तरी बोलणे होईपर्यंत या दुसऱ्या बाटलीचा थेंब घालू नका. पहिली बाटली मात्र अजिबात बंद करू नका. धाप बसल्या जागी लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर फोनची वाट न पाहता सरळ रुग्णालय गाठा.

आता ही वेळ कशी आली ते पाहू. तुम्हाला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही भीतीपोटी 'रोज घालते' म्हणालात. समोरच्या डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला आणि औषध नियमित घालूनही दाब उतरत नाही, म्हणजे हे औषध अपुरे पडते, असा सरळ निष्कर्ष काढला. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी बहुधा त्यांनीही हेच केले असते. काचबिंदूच्या उपचारात डॉक्टरांना डोळ्याचा दाब मोजता येतो, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा फोटो काढता येतो, ओसीटी नावाच्या स्कॅनवर नसेच्या थराची जाडी पाहता येते, पण घरी रात्री साडेदहा वाजता बाटली उघडली गेली की नाही, हे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही. ते फक्त तुम्हीच सांगू शकता. थेंब चुकण्याची गोष्ट जगभरच्या नेत्रतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहे. ज्या आजारात दुखत नाही, खुपत नाही आणि औषध घातल्यावर आज काही बरेही वाटत नाही, त्याचे औषध विसरणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तेव्हा पुढच्या वेळी कसलीही प्रस्तावना न करता म्हणा, "डॉक्टर, मागच्या वेळी मी खरे सांगितले नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस माझे थेंब चुकत होते." कदाचित ते क्षणभर रागावतील. तो राग सोसण्यासारखा आहे. त्या एका वाक्याने एखादी बाटली कमी होऊ शकते, आणि पुढेमागे शस्त्रक्रियेचा विचार झालाच तर तो खऱ्या माहितीवर होईल.

थेंब चुकण्यामागे जे कारण असेल तेही सांगा, कारण प्रत्येक कारणावर निराळा उपाय असतो. रात्री शिवणकाम संपेपर्यंत झोप अनावर होत असेल, तर वेळ बदलून चालेल का, ते विचारा. हात थरथरून थेंब गालावर पडत असेल, तर तेथील सिस्टरना किंवा नेत्रसहायकांना सांगा, "मी घालून दाखवते, कुठे चुकते ते बघा." हे विचारण्यात कमीपणा नाही; अनेक वर्षे थेंब घालणाऱ्या माणसांचाही नेम चुकतो. आडवे पडून, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून, त्या खळग्यात एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा शांतपणे मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटे दाबून धरावे, म्हणजे औषध डोळ्यात राहते आणि अंगात कमी जाते. दोन निरनिराळे थेंब असतील, तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. खर्च परवडत नसेल तर तेही स्पष्ट बोलावे. तेच औषध कमी किमतीत मिळते का, जनऔषधी केंद्रातले चालेल का, असे विचारले की बहुतेक डॉक्टर मार्ग काढतात; न विचारता बाटली पुरवून पुरवून वापरली, तर नुकसान डोळ्याचेच होते. आणखी एक गोष्ट सांगलीकरांनी तरी विसरू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती घरांची, दुकानांची वाट बंद झाली ते आपण पाहिले आहे. पावसाळ्याच्या तोंडाला एक न उघडलेली बाटली घरात जास्तीची असू द्यावी, आणि ती थंड जागी ठेवायची असेल तर तशी ठेवावी.

मशीनवरच्या त्या तपासणीबद्दल तुम्ही 'नापास' हा शब्द लिहिला आहे, तो वाचून मला वाईट वाटले. ती परीक्षा नव्हे. ती कशासाठी असते हे तुम्हाला कोणी आधी समजावून सांगितले असते, तर तो दिवस असा गेला नसता. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, त्या पांढऱ्या घुमटात मधल्या दिव्याकडे टक लावून बसायचे आणि आजूबाजूला लुकलुकलेला ठिपका दिसला की बटण दाबायचे. यंत्र ठिपका मंद मंद करत नेते, कारण प्रत्येक जागी तुम्हाला अगदी पुसटशी दिसेल अशी मर्यादा त्याला शोधायची असते. त्यामुळे ज्याचे डोळे पूर्णपणे निरोगी आहेत, त्यालाही त्यातले पुष्कळ ठिपके दिसत नाहीत, आणि कित्येकदा आपण नुसतेच अंधारात बसलो आहोत असे वाटते. मधेच डोळ्यांत पाणी येते, मान अवघडते. या तपासणीला फील्ड टेस्ट म्हणतात; पहिल्या वेळची ती बहुतेकांची जरा कच्चीच येते, हे डॉक्टरांना माहीत असते. म्हणूनच ती पुन्हा करून आधीच्या चित्राशी ताडून पाहतात. पुढच्या वेळी सुरुवातीलाच त्या मुलीला सांगा, "मागच्या वेळी मी घाबरले होते. मला आधी थोडा सराव द्याल का? दमले तर थांबवता येईल का?" बटण दाबून धरले की ठिपके थांबतात, अशी सोय बहुतेक यंत्रांत असते, ती कशी वापरायची ते दाखवून घ्या. ती मुलगी चारचौघांत जे बोलली, ते बोलायला नको होते. तुम्हाला ते लागले असेल तर तिला किंवा तिच्या वरिष्ठांना शांतपणे सांगायला हरकत नाही: "तुम्ही तसे म्हणालात, तेव्हापासून मला या खोलीत यायची भीती वाटते." दिवसभर तीच तपासणी करून माणसे यंत्रासारखी बोलू लागतात, आणि समोरून एक साधे वाक्य आले की पुष्कळदा सावरतात. नाही सावरली, तर लेखी तक्रार करण्याचा तुम्हाला अधिकार आहेच.

आता भीतीविषयी. तुमच्या यजमानांना तुमची काळजी नाही असे मला वाटत नाही, पण ते ज्या खुणेवरून धीर देतात ती खूण या आजारात उपयोगाची नाही. सुईत दोरा ओवायला मधली नजर लागते आणि काचबिंदू बहुधा कडेची नजर आधी खातो. डोळ्यात सतत तयार होणारे पाणी वाहून जाण्याची वाट अडली, की मोरीची जाळी तुंबल्यासारखे ते आत साठते, दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू दबून सुकत जाते. साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा हा दाब सर्वसामान्य मानतात, पण काही जणांची नस त्याच्या आतल्या दाबालाही सोसत नाही. यात दुखत नाही, आणि एका डोळ्याला कमी दिसले तर दुसरा डोळा ते झाकून घेतो, म्हणून भारतात झालेल्या पाहण्यांमध्येही काचबिंदू असलेल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याची कल्पना नव्हती. 'आधीच का नाही दाखवले?' असा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत असाल, तर तो सोडून द्या. या आजाराने तुम्हाला कळू दिलेच नव्हते. चष्म्याच्या निमित्ताने तुम्ही गेलात, हे चांगलेच झाले.

'गेलेली नजर परत येत नाही' हे डॉक्टरांचे वाक्य खरे आहे, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे असे की, जी नजर आज आहे ती राखता येते. दाब कमी ठेवण्याचा उपयोग होतो हे मोठ्या अभ्यासांनी दाखवले आहे. अशाच एका अभ्यासात दाब १ मिलिमीटरने उतरला, की आजार पुढे सरकण्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते असे आढळले. नियमित उपचार घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना आयुष्यभर उपयोगी पडेल एवढी दृष्टी राहते. तुमच्या आईच्या बाबतीत नेमके काय झाले, हे आता कोणालाच ठामपणे सांगता येणार नाही. त्या काळी म्हातारपणी दिसेनासे झाले की वयाचे म्हणून सोडून देत, आणि डोळ्याचा दाब कोणी मोजलाही नसेल. तुमचा दाब मोजला गेला आहे, नसेचे फोटो काढले गेले आहेत, औषध हाताशी आहे. आईच्या आठवणीने जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल रडू येत असेल तर रडा. परंतु आईचे झाले ते आपलेही होणारच असे धरून चालू नका, कारण तुमच्या डोळ्यांची वाट निराळ्या जागेवरून सुरू झाली आहे.

रडणे, झोप न लागणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजचेच झाले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याच्या यादीत घाला. वर लिहिलेल्या टिमोलॉलसारख्या औषधाने क्वचित कोणाला थकवा आणि उदासपणा जाणवतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांना ते कळायला हवे. बाकी मन मोकळे करण्यासाठी सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. यजमानांना मात्र समजावून सांगण्यापेक्षा सोबत नेलेले बरे. त्यांनी फील्ड टेस्टच्या कागदावरचा काळा भाग डॉक्टरांच्या तोंडून समजून घेतला, की 'सुईत दोरा ओवता येतो ना' हे वाक्य आपोआप बंद होईल, आणि रात्रीच्या थेंबाची आठवण करून देणारे एक माणूस घरात तयार होईल.

मुलांपासून आणि माहेरपासून लपवण्याच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी आईचा आजार चर्चेत यावा असे कोणत्याही आईला वाटत नाही, हे मी जाणते. पाहुण्यांच्या बैठकीत हे सांगा असे मी म्हणतही नाही. पण तुमच्या पाठच्या-पुढच्या भावंडांना आणि मुलांना हे कळलेच पाहिजे, कारण आई-वडील किंवा सख्खे भावंड यांना काचबिंदू असेल तर तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. शक्यता जास्त म्हणजे होणारच असे नव्हे. आणि वेळेवर तपासणी झाली तर तुमच्यावर आली तशी अवचित बातमी ऐकण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या भावंडांनी तर वाट पाहू नये. त्यांनी नुसता चष्म्याचा नंबर काढून भागणार नाही. 'बहिणीला काचबिंदू आहे, दाब आणि नस दोन्ही बघा' असे स्पष्ट सांगून तपासून घ्यावे. मुलीला हे सांगताना रडू आले तरी चालेल. आईने सहा महिने एकटीने भीती सोसली, हे तिला नंतर कळले तर त्याचे दुःख अधिक होईल.

मशीन विकू नका. तुमची मधली नजर आज चांगली आहे आणि शिवल्याने काचबिंदू वाढत नाही. डाव्या खांद्यामागून येईल असा चांगला दिवा लावा, काळ्या कापडावर काम असेल तर ते दिवसाउजेडी करा. काळजी घ्यायची ती दुसरीकडे. स्कूटर चालवत असाल, तर 'मी गाडी चालवू का?' हा प्रश्न फील्ड टेस्टचा कागद समोर ठेवून डॉक्टरांना विचारा, कारण आडव्या गल्लीतून येणारे वाहन कडेच्या नजरेनेच टिपले जाते. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा ओढून घ्या. शीर्षासनासारख्या डोके खाली येणाऱ्या आसनांनी डोळ्याचा दाब वाढतो, तेव्हा योगवर्गात तसे सांगून ती टाळा. मेडिकलमधून आपल्या मनाने कोणतेही थेंब आणू नका. डोळे लाल झाले म्हणून लोक सर्रास वापरतात त्यांतल्या काहींमध्ये स्टेरॉइड असते आणि त्यानेच दाब वाढतो. मध, एरंडेल, कोणाच्या शेतातल्या पाल्याचा रस, यांतले काहीही डोळ्यात जाऊ देऊ नका, सांगणारे माणूस कितीही प्रेमाचे असले तरी. आणि एकाएकी डोळा लाल होऊन जोरात दुखू लागला, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसू लागली, उलट्या झाल्या, तर पित्त समजून घरी थांबू नका. त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचा.

पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर चारच गोष्टी ठळक लिहून न्या आणि खुर्चीत बसल्याबरोबर तो कागद पुढे ठेवा: दमा आणि धाप, चुकलेले थेंब, माझा काचबिंदू उघड्या कोनाचा की बंद कोनाचा (म्हणजे डोळ्यातले पाणी जिथून वाहून जाते तो कोपरा उघडा आहे की मिटलेला), आणि माझ्या डोळ्यांसाठी दाब किती खाली हवा. गर्दीच्या दिवशी डॉक्टरांकडे थोडाच वेळ असतो, त्यात 'कसे आहात?' 'बरे आहे' यावर तो वेळ निघून जातो, म्हणून महत्त्वाचे आधी बोला. उत्तर समजले नाही तर 'मी माझ्या शब्दांत सांगते, बरोबर आहे का बघा' असे म्हणून परत सांगून दाखवा. जुने सगळे कागद तारखेप्रमाणे एकाच फाइलीत लावा, पहिल्या दिवसाची फील्ड टेस्ट सर्वांत खाली. तुम्ही वापरत असलेल्या सगळ्या बाटल्या आणि दम्याचा पंप पिशवीत घालून न्या. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले, तर काही तास अंधूक दिसते, त्यामुळे परतताना गाडी तुमच्या हाती नको. यजमानांना किंवा मुलीला बरोबर घ्या. मुलगी येणार असेल, तर तिचीही तपासणी त्याच दिवशी होईल का, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून तिचा नंबर लावून ठेवा.